भाताचं शीत आणि अंगातली गाठ

(सामुदायिक रेडिओवरील भाषण. सादर करणाऱ्या: चिखला, जिल्हा भंडारा येथील बचत गटातल्या बाया)

आम्ही चिखल्याच्या बाया बोलतो आहोत. तुमसर तालुक्यातलं हे आमचं मँगनीजच्या खाणीचं गाव. आज ज्या विषयावर बोलणार आहोत, तो ऐकायला घरातले पुरुष जवळ बसले असतील तर बसू द्या. आवाज बारीक करू नका. विषय आपल्या छातीतल्या गाठीचा आहे, आणि ती ओळखणाऱ्या बोटांचा आहे.

आधी एक सोपी गोष्ट विचारतो. भात शिजला की नाही, हे तुम्ही कसं पाहता? झाकण काढता, एक शीत बोटांत धरता आणि दाबता. मधे कणी लागली तर आणखी एक वाफ देता. शितावरून भाताची परीक्षा, असं आपण उगीच म्हणत नाही. ज्यांच्या घरी कोशाचं काम आहे, त्या कोसा चिमटीत दाबून घट्ट कोणता आणि पोचट कोणता ते सांगतात. आमच्या आज्या-सासवा खाणीवर दगड निवडायच्या. हातात घेतला की वजनावरून त्यांना कळायचं, हा मालाचा आणि हा फेकायचा. म्हशीची धार काढताना एखादं सड टणक लागलं, गरम लागलं, तर कास सुजायला लागली हे दुधात गाठी दिसायच्या आधी आपल्याला समजतं.

मऊ काय आणि कडक काय, हे ओळखणारी बोटं आपल्याजवळ आहेत. मग आपल्याच अंगातली गाठ आपण इतके महिने लपवून का ठेवतो? आज त्याबद्दलच बोलायचं आहे.

आमच्या गटातल्या एकीची हकिगत सांगतो. नाव सांगणार नाही, पण तिला विचारून सांगतो आहोत. वय बावन्न. दोन वर्षांपूर्वी रोवणीच्या दिवसांत आंघोळ करताना तिच्या हाताला डाव्या छातीत गाठ लागली. बोराएवढी, टणक, जागची न हलणारी. दुखत नव्हती. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं तिनं मनाशी ठरवलं. रोवणी झाली, निंदण झालं, धान कापून झालं, मळणी झाली. सात महिने ती कुणाला बोलली नाही. नवऱ्याला नाही, सुनेला नाही, आम्हालाही नाही.

त्याच सात महिन्यांत तिच्या म्हशीची कास सुजली होती. त्या दिवशी तिनं दुपारच्या आत जनावरांचा डॉक्टर बोलावला, औषध आणलं, पैसे दिले. पुढे एकदा गटाच्या बैठकीत म्हशीचा विषय निघाला, तेव्हा ती हे सांगता सांगता एकदम थांबली. म्हणाली, "बाई, म्हशीच्या गाठीला मी एक दिवस थांबली नाही, अन् माझ्या गाठीला सात महिने झाले." त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिच्याबरोबर गेलो. पहिल्या दवाखान्यात डॉक्टरांनी लुगड्यावरूनच पाहिलं, हात लावला नाही, गोळ्या लिहून दिल्या आणि साधी गाठ असेल म्हणाले. आम्हाला ते पटलं नाही. शीत न दाबता भात शिजला म्हणणाऱ्या सुनेवर आपण विश्वास ठेवतो का? आम्ही पुढे गेलो. नागपूरला तपासणी झाली, सुईनं तुकडा घेतला, कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली. आज ती आमच्यात बसते, भाकरी थापते, हिशेबाची वहीही लिहिते. पण डॉक्टरांनी सांगितलं की सात महिने आधी आली असती तर उपचार कमी लागले असते.

नागपूरच्या दवाखान्यात भिंतीवर एक चित्र लावलेलं होतं. रोबो शस्त्रक्रिया करतो आहे, असं. ते पाहून तिनं तिथल्या डॉक्टरीण बाईंना विचारलं, "मॅडम, यंत्र कापते तर यंत्राला समजते का, कुठं मऊ अन् कुठं टणक?"

डॉक्टरीण बाई हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही अगदी बरोबर प्रश्न विचारला. त्याच्यावरच जगभर काम चालू आहे." मग त्यांनी जे समजावलं आणि नंतर आम्ही आमच्या आरोग्य सेविकेकडून आणि शिकलेल्या पोरींकडून जे समजून घेतलं, ते आता तुम्हाला सांगतो.

पोट उघडून शस्त्रक्रिया करताना डॉक्टर नुसतं डोळ्यांनी पाहत नाहीत. ते आत हात घालून चाचपतात. कॅन्सरच्या गाठीत बहुतेक वेळा तंतूंची दाटी झालेली असते, म्हणून ती आजूबाजूच्या मांसापेक्षा टणक लागते. गाठ कुठं संपते आणि चांगला भाग कुठून सुरू होतो, हे ठरवायला बोट मदत करतं. मग दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली. छोट्या छिद्रांतून लांब दांड्या आत जातात. रोग्याला त्रास कमी, टाके कमी, घरी लवकर जाता येतं. पण डॉक्टरांच्या बोटाऐवजी आता दांडीचं टोक आत असतं. चुलीवरचा भात लांब उलथन्यानं चाचपण्यासारखं ते झालं. काहीतरी कळतं, पण शितासारखं कळत नाही.

रोबोमध्ये तर डॉक्टर थोड्या अंतरावर खुर्चीत बसतात, पडद्यावर पाहतात आणि हातातल्या मुठींनी यंत्राचे हात चालवतात. यंत्राचा हात थरथरत नाही, अरुंद जागेत वळतो, हे त्याचे गुण आहेत. पण अनेक वर्षं अशा बहुतेक यंत्रांत एक उणीव राहिली. आत किती दाब पडतो आहे, हे डॉक्टरांच्या हाताला जाणवत नव्हतं. मांस किती ताणलं, रंग कसा बदलला, हे डोळ्यांनी पाहूनच त्यांना अंदाज बांधावा लागायचा. या कामातल्या सगळ्यात नावाजलेल्या अमेरिकी रोबोचं नाव 'दा विंची'. त्याच्या पाचव्या पिढीच्या यंत्राला २०२४ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली. त्यात खेचण्या-ढकलण्याचा दाब डॉक्टरांच्या हातापर्यंत पोचवायची सोय केली आहे. म्हणजे आमच्या मैत्रिणीनं जे विचारलं, त्यावर इतकी मोठी कंपनी कितीतरी वर्षं डोकं लावून बसली होती.

आता हे यंत्राचं बोट चालतं कसं? मऊपणा मोजायला दोन गोष्टी लागतात. किती जोरानं दाबलं, आणि दाबल्यावर ते किती आत गेलं. गादीवर बसलं की आपण खाली जातो, लाकडी फळीवर बसलं की जात नाही. वजन आपलं तेवढंच असतं. तेवढ्याच जोरानं कमी आत गेलं तर वस्तू कडक, जास्त गेलं तर मऊ. आपलं बोट हा हिशेब न सांगता करतं. यंत्राला तो आकड्यात करावा लागतो.

त्यासाठी यंत्राच्या टोकाला स्पर्श ओळखणारा छोटा तुकडा बसवतात. त्याला सेन्सर म्हणतात. असा एक सेन्सर समजायला गॅस पेटवायचा लायटर आठवा. त्यात सेल नसतो, काडी नसते, तरी खट्‌ केलं की ठिणगी पडते. आत एक स्फटिक असतो, त्याच्यावर जोराचा दाब पडला की वीज तयार होते. तशाच जातीचा पण फार नाजूक पदार्थ वापरून अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या ड्रेक्सेल विद्यापीठात डॉ. वान शी या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विजेचं बोट तयार केलं. ते चामडीवरून हलकेच दाबतं आणि खाली कडक काही आहे का, ते मोजतं.

त्या बोटावरून छातीची तपासणी करायचं एक हातात धरायचं यंत्र निघालं. त्याचं नाव आयब्रेस्टएक्झाम. ते बाजारात आणणाऱ्या कंपनीचे संस्थापक मिहिर शाह हे मूळचे भारतीय आहेत. हे यंत्र बॅटरीवर चालतं. त्यात किरण नाहीत, सुई नाही, दुखत नाही. आरोग्य सेविका ते छातीवर एकेका जागी टेकवते, आणि कडक जागा आली की मोबाईलच्या पडद्यावर तिथं खूण दिसते. जिथं मॅमोग्राफीची मोठी मशीन नाही आणि तज्ज्ञ डॉक्टर नाही, अशा गावांचा विचार करून ते केलेलं आहे.

ऐकायला छान वाटतं. पण बायांनो, यंत्र फक्त एवढंच सांगतं की इथं कडक आहे. ते कॅन्सर आहे की साधी गाठ, हे त्याला सांगता येत नाही. तरुण मुलींच्या छातीत बोटाखालून घसरणाऱ्या गाठी असतात, त्या बहुतेक साध्या असतात. छातीत सापडणाऱ्या जास्तीत जास्त गाठी कॅन्सरच्या नसतात. उलट काही कॅन्सर इतके लहान किंवा खोल असतात की ते बोटाला लागत नाहीत आणि यंत्रालाही लागत नाहीत.

हे आम्ही गटात कणकेवर करून पाहिलं. तुम्हीही करा. कणकेचे चार गोळे घ्या. एकात काही घालू नका. दुसऱ्यात तुरीचा सुका दाणा वरच्या बाजूला लपवा. तिसऱ्यात तोच दाणा अगदी मधे, खोल लपवा. चौथ्यात रात्रभर भिजवलेला वाटाणा घाला. गोळे अदलाबदल करून ठेवा आणि एकेकीला ओळखायला सांगा. बोटांची टोकं खुपसू नका, मधल्या तीन बोटांच्या गाद्या वापरा. आधी हलकं, मग थोडं जोरात, मग खोल, असं गोल गोल फिरवा. आमच्यात वरचा दाणा सगळ्यांना सापडला. खोल दाणा निम्म्या जणींना सापडला नाही. भिजलेला वाटाणा तर फक्त दोघींना सापडला. आणि एकीनं रिकाम्या गोळ्यातही दाणा आहे म्हणून सांगितलं! मग आरोग्य सेविकेनं हात कसा फिरवायचा ते दाखवलं, एकही जागा न सोडता, वरून खाली, पट्ट्या-पट्ट्यांनी. दुसऱ्या वेळी आमचं गणित पुष्कळ सुधारलं.

यातून आम्हाला कळलं की बोट सगळ्यांनाच असतं, पण शिकलेलं बोट वेगळं असतं. डॉ. फ्रँक हॉफमन या जर्मनीतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी तर अंध बायांनाच हे काम शिकवायला सुरुवात केली. डोळे नसल्यानं त्यांचा स्पर्श तीक्ष्ण झालेला असतो. छातीवर बोटांना कळतील अशा खुणांच्या पट्ट्या लावून त्या इंच इंच तपासतात. आपल्याकडे दिल्लीतही अंध मुलींना हे प्रशिक्षण दिलं गेलं आहे. ज्यांना लोक बिचाऱ्या म्हणायचे, त्या आता दुसऱ्या बायांच्या गाठी शोधतात.

आता आपल्या महाराष्ट्रातली एक मोठी गोष्ट सांगतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयानं १९९८ साली एक अभ्यास सुरू केला. डॉ. इंद्रनील मित्रा त्याचे प्रमुख होते. मुंबईच्या गरीब वस्त्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून जास्त बायांना त्यात घेतलं. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, असं चार वेळा, छाती हातानं तपासली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका होत्या, आपल्यासारख्याच बाया. उरलेल्या वस्त्यांत फक्त माहिती दिली. वीस वर्षं सगळ्यांची नोंद ठेवली आणि २०२१ साली निकाल छापला.

निकाल जसा आहे तसा सांगतो. जिथं हातानं तपासणी झाली, तिथं कॅन्सर लवकर सापडला. पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेल्या बाया तिथं शंभरात ३७ होत्या, दुसरीकडे ४७. पन्नाशीच्या पुढच्या बायांमध्ये छातीच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायांमध्ये मात्र मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. तेव्हा हाताची तपासणी ही जादू नाही. पण आमच्या मैत्रिणीचं वय बावन्न होतं, हे लक्षात घ्या. शिकलेल्या बाईच्या साध्या हातानं इतका फरक पडला, तोही मोठ्या मशीनशिवाय.

याच्या उलट एक अभ्यास चीनमध्ये शांघायला झाला. कापड गिरण्यांतल्या अडीच लाखाहून जास्त बायांचा. निम्म्या बायांना आपली छाती आपणच कशी तपासायची ते शिकवलं. २००२ साली निकाल आला, मृत्यू कमी झाले नव्हते. साध्या गाठी मात्र जास्त सापडल्या आणि त्यांच्या तपासण्या वाढल्या. म्हणून दर महिन्याला भीतभीत गाठ शोधत बसा, असं आम्ही सांगत नाही. आंघोळ करताना, कपडे बदलताना आपलं अंग कसं आहे याची ओळख ठेवा. नेहमीपेक्षा वेगळं वाटलं तर शिकलेल्या हाताला दाखवा. आपल्या हाताचं काम ओळखायचं, सेविकेच्या हाताचं काम तपासायचं, आणि खात्री करायचं काम दवाखान्याचं. यातलं एकही सुटलं तर बाकीचं वाया जातं.

वेगळं म्हणजे काय, ते ऐका. छातीत किंवा काखेत गाठ, दुखो वा न दुखो. एका छातीचा आकार बदलणं. चामडी आत ओढली जाणं किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसणं. आधी बाहेर असलेलं बोंड आत जाणं. बोंडातून रक्त येणं. न भरणारी जखम. यातलं एकही दिसलं तर पुढच्या सणाची, पुढच्या हंगामाची वाट पाहू नका. आणि सुईनं तुकडा घेतला की कॅन्सर पसरतो, ही गोष्ट खरी नाही. त्या भीतीनं पुष्कळ बाया परत जातात.

सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरच्या प्रत्येक बाईची छातीची तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हावी असं ठरलेलं आहे. ती उपकेंद्रात, आपल्या आरोग्य मंदिरात होते आणि त्याचे पैसे लागत नाहीत. त्याआधी आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात. त्यात तंबाखू खाता का, याच्यासोबत छातीत गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, असे प्रश्न असतात. आपण काय करतो? सासू समोर असते, दीर ओसरीवर असतो, आपण सगळ्याला नाही म्हणून टाकतो. आशाताईंना आमची विनंती आहे, हा प्रश्न बाईला आत नेऊन विचारा. आणि बायांनो, तपासायला बाईच हवी, पडदा हवा, असं सांगायला लाजू नका. पण छातीला हात न लावता कुणी काही नाही म्हणालं, तर ती तपासणी झाली असं समजू नका. पाळी येत असेल तर पाळी सुरू झाल्यावर आठवड्यानं जा, तेव्हा छाती मऊ असते आणि नीट कळतं.

पुढे तुमसरला उपजिल्हा रुग्णालय आहे, भंडाऱ्याला जिल्हा रुग्णालय आहे, नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. आधार कार्ड आणि शिधापत्रिका जवळ ठेवा.

आम्हाला ठाऊक आहे, अडचण नुसती लाजेची नाही. एक दिवस गेला की रोजी बुडते. बसचं भाडं लागतं. घरी रांधणारी दुसरी बाई नसते. म्हणून आमच्या गटानं तीन गोष्टी ठरवल्या. गाठ आहे असं एखादीनं सांगितलं की आठ दिवसांच्या आत तिची तपासणी झाली पाहिजे. तिच्यासोबत गटातली एक जण जाईल. आणि जाण्या-येण्याचा खर्च गटाच्या पेटीतून आधी मिळेल, हिशेब मागून होईल. ही तीन वाक्यं आम्ही ठरावाच्या वहीत लिहिली आणि सगळ्यांनी सह्या केल्या, जिला सही येत नाही तिनं अंगठा दिला.

उद्या ते विजेचं बोट आपल्या उपकेंद्रात आलं तर आम्हाला आनंदच होईल. सेविकेचा हात दमतो, यंत्र प्रत्येक वेळी सारखंच दाबेल आणि नोंदही ठेवेल. नागपूरच्या रोबोला मऊ आणि टणक कळू लागलं तर शस्त्रक्रिया आणखी नीट होतील. पण यंत्रानं पडद्यावर खूण दाखवली आणि बाई घरी जाऊन पदर ओढून बसली, तर त्या खुणेचा काय उपयोग? आमच्या मैत्रिणीला गाठ पहिल्याच दिवशी सापडली होती. तिच्या बोटांनी आपलं काम चोख केलं होतं. सात महिने गेले ते त्याच्यानंतर.

तेव्हा आज रात्री भात पाहायला शीत दाबाल, तेव्हा एकदा स्वतःलाही विचारा. माझं काही सांगायचं राहिलं आहे का? राहिलं असेल तर उद्या सकाळी एकीला तरी सांगा. बहिणीला सांगा, शेजारच्या काकूला सांगा, गटाच्या बैठकीत सांगा. म्हशीला जेवढं जपता, तेवढंच स्वतःला जपा.